आजी, तुम्ही इथंच बसा

सिएम रीप,
रविवार, १ सप्टेंबर २०१९

प्रिय वीरकदादा,

कामाच्या शेडमधल्या गारठ्यानं धरलेली तुझी पाठ आता सुटली असेल असं धरून चालते. मी बरी आहे. गावाकडं पाऊस वेळेवर झाला, भात गुडघ्याएवढा वर आलाय. आपल्या म्हशीला रेडकू झालं, तेही फोनवर सांगायचं राहिलं. आईच्या अस्थींच्या स्तूपाचं काम संपत आलंय. गवंड्यानं कळस वाकडा बसवला होता. विहारातल्या थोरल्या भिक्खूंनी तो उतरवून पुन्हा बसवायला लावला, तेव्हा गवंडी म्हणाला, "भन्ते, मेलेल्यांना सरळ-वाकडं काय कळतंय?" त्यावर ते म्हणाले, "त्यांनाच कळतं." पांढरा रंग तेवढा बाकी आहे. प्चुम बेनच्या पितृपंधरवड्याच्या शेवटच्या दिवसांत तू येशील तोवर तोही वाळलेला असेल.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी रडायला लागले की तू म्हणतोस, "बरं बरं, राहू दे, रडू नकोस," आणि मी थांबते. गेलं दीड वर्ष अशीच थांबत आलेय. आपल्या शेजारच्या शिंप्याची नारेथ बुधवारी परदेशी तुमच्याकडं कामाला निघालीय. तिच्या बॅगेत हे पत्र घालते. कागद तुला मधे थांबवणार नाही आणि मलाही नाही.

मागच्या महिन्यात तू म्हणालास, "थोनमामा त्या दिवशी विहारात दिसला, तर मी आईच्या अस्थींच्या मडक्याला हात लावणार नाही. त्याला सांग." सांगायचं काम तू मला दिलंस. मी गुरुवारी मामाकडं जाऊन सांगून आले. तिथं काय झालं ते लिहिते, पण आधी मागचं लिहायला हवं, नाहीतर ते तुला कळणार नाही.

तुला जे माहीत आहे ते असं: कापणी संपल्यावर आई अंगकोर बघायला म्हणून माझ्याकडं आली. मी कामावर होते म्हणून मामा तिला देवळात घेऊन गेला. तो पाणी आणायला गेला आणि तिला एकटीला सोडलं. ती एकटीच वर चढली, उतरताना पडली, कंबरेचं हाड मोडलं. अकरा महिने अंथरुणावर काढून गेली. ती कशी पडली हे तुला मामानं हॉस्पिटलमधून फोनवर सांगितलं. मी त्याच्या शेजारीच उभी होते.

दादा, त्यातलं आई आली आणि आई पडली, एवढंच खरं आहे.

ती आली तेव्हा माझ्याकडं चौदा जर्मन लोकांचा गट होता, चार दिवसांचा. मी तिला आणि मामाला बजावलं होतं, दुपारी बारानंतर या, तेव्हा माझी माणसं जेवायला गेलेली असतात. पण आईला तू ओळखतोस. ती पहाटेच उठून पांढरं पोलकं घालून, नवा सांपोत नेसून, डबा भरून दारात बसली. मामा टुकटुक घेऊन आला तर त्यालाच म्हणाली, "बारापर्यंत देऊळ कुठं पळून जाईल का? मग आत्ताच जाऊ." मामा तिला वाटभर चिडवत आला असणार. नंतर त्यानंच मला सांगितलं, खंदकावरच्या वाटेवर थांबून आई कळस मोजत होती. म्हणाली, "थोन, झेंड्यावर तीनच आहेत की रे! इथं पाच कसे?" मामा म्हणाला, "दोन झेंडा शिवणाऱ्यानं खाल्ले, ताई. सरकारी काम आहे."

एकसष्ट वर्षं तिनं हे देऊळ झेंड्यावर बघितलं, आपल्या शाळेच्या भिंतीवर बघितलं, बियरच्या डब्यावर बघितलं. मी गाइड होऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत मी तिला एकदाही बोलावलं नव्हतं. ती स्वतः आली.

मी समुद्रमंथनाच्या भिंतीशी माझ्या माणसांना देव आणि दानव दाखवत होते. मागून हाक आली, "ए कुंथिया! बघ कुणाला आणलंय!" सगळे चौदा जण वळले. मामा घामाघूम, आणि त्याच्या मागं आई. क्रामा डोक्याला गुंडाळलेली, हातात तीन पुडांचा डबा. डब्याचं झाकण कुठंतरी सैल झालं असावं. प्रहोकचा, त्या आंबवलेल्या माशांचा, वास भिंतीभर पसरला. एका माणसानं नाकाला रुमाल लावला. आई तोंड भरून हसत होती.

गटात लिंडनर नावाच्या एक वयस्क बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. पहिल्या दिवसापासून माझ्यावर त्यांची माया. त्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

मी म्हणाले, "खेड्यातून दर्शनाला आलेल्या एक आजी. तो टुकटुकवाला माझ्या ओळखीचा आहे."

असं का म्हणाले ते पुढं लिहिते. आत्ता लिहिलं तर पुढचं लिहायचं बळ राहणार नाही.

मामाला बाजूला घेऊन, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून मी म्हणाले, "तू गाडीकडं जा. माझी माणसं बघताहेत."

"अगं, पण तिला वर जायचंय. वरच्या बुद्धाला उदबत्ती—"

"मी आणते तिला. जा म्हटलं ना!"

मामानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आईकडं. मग खांद्यावरची पाण्याची बाटली काढून आईच्या हातात दिली आणि गेला. वीरकदादा, पाणी आईकडं होतं. मामा पाणी आणायला गेलाच नव्हता. मी त्याला हाकललं.

मग आईकडं वळले. आपली आईची हाक कुठल्याही देशाच्या माणसाला कळते, म्हणून ती मी मारली नाही. म्हणाले, "आजी, तुम्ही इथंच बसा. सावली आहे. वर फार चढ आहे, तुम्ही चढायचं नाही."

आयुष्यात मी तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ती क्षणभर माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिला वाटलं असावं, कामावर असंच बोलत असतील. ती खुदकन हसली. "बरं बाई," म्हणाली. "गाइडबाई म्हणतील तसं." आणि खांबाला टेकून बसली, डबा मांडीवर घेऊन.

आता ते लिहिते.

जर्मन शिकत होते तेव्हा 'आई' आणि 'बाप' ह्या दोन शब्दांत माझी नेहमी गल्लत व्हायची. परवाना मिळाल्यावर दुसऱ्याच गटानं बसमध्ये विचारलं, घरी कोण कोण असतं? बाबा शेतात सुरुंगावर पाय पडून गेले ते मी सांगायला लागले आणि तोंडून 'आई' निघालं. बाबांचं मी त्याआधी एका गटाला सांगितलं होतं, तेव्हा लोकांनी नुसत्या माना हलवल्या होत्या. ह्या वेळी पुढच्या बाकावरची बाई रडायला लागली. कुणीतरी माझा हात धरला. चूक माझ्या लगेच ध्यानात आली. मी ती सुधारली नाही. उतरताना सगळ्यांनी मला मिठी मारली, परत गेल्यावर एजन्सीला माझ्याबद्दल भरभरून लिहिलं, आणि पुढचा मोठा गट मलाच मिळाला. मग दर गटाला पहिल्या दिवशी बसमध्ये मी आईला मारत गेले. मी सहा वर्षांची होते, ती माझ्यासाठी कमळाचे देठ काढायला गेली होती, असंही पुढं पुढं त्यात घालायला लागले.

तिकडं आपली आई गावात माझा परवान्यावरचा फोटो भिंतीला लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती.

लिंडनरबाईंच्या गटालाही मी तेच सांगितलेलं होतं. म्हणून ती आजी झाली.

वरच्या टप्प्यावर जायला तासभर रांग होती. वर गेल्यावर लोकांनी फोटो काढले, मी नेहमीचं सांगितलं. मग लिंडनरबाईंनी पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढला. खाली बाहेरच्या दुकानातून त्यांनी तो मला न सांगता घेतला होता. म्हणाल्या, "तुझ्या आईसाठी आपण सगळे इथं एकेक लावू या." मी नको म्हणाले. त्यांना वाटलं मी संकोचतेय. सगळे बुद्धासमोर गोल करून उभे राहिले, टोप्या काढल्या. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या रडू लागल्या.

आणि मी मान वर केली तर कोपऱ्यात आई उभी.

ती परक्या लोकांच्या रांगेत उभी राहून, त्या उभ्या जिन्यानं एकटी चढून आली होती. धाप लागली होती. माझ्याभोवती एवढे गोरे लोक गप्प उभे आहेत हे बघून तिचं तोंड उजळलं होतं. तिला वाटलं माझी पूजा चाललीय, आणि पूजा म्हटल्यावर ती मागं कशी राहील? तिनं पायातल्या चपला काढल्या, पुढं आली, बाईंसमोर हात पसरला. बाईंनी तिलाही एक उदबत्ती दिली. आई गुडघ्यांवर बसली, उदबत्ती कपाळाला लावली आणि डोळे मिटून हात जोडले.

जी मेली नव्हती तिच्यासाठी चौदा माणसं हात जोडून होती, आणि पंधरावी ती स्वतः. दादा, मी तेव्हा एक शब्द बोलले असते तरी सगळं थांबलं असतं. लोक हसले असते, चिडले असते, फार तर माझं काम गेलं असतं. मी बोलले नाही. मी पण हात जोडले.

उतरायची वेळ झाली. त्या जिन्यावर म्हाताऱ्या माणसांचा हात धरायचा असतो, ते आम्हाला शिकवलेलं आहे. मी लिंडनरबाईंचा हात धरला. आई आमच्या मागं पाच-सहा माणसं सोडून होती. खालच्या आठ-दहा पायऱ्या राहिल्या असतील, तेव्हा मागं कुणीतरी ओरडलं आणि डबा माझ्या पायाशी गडगडत आला.

रखवालदार धावले. आई खाली आडवी पडली होती, एक पाय नको तिकडं वळलेला. ती ओरडली नाही. एका रखवालदारानं विचारलं, "आजी, बरोबर कोण आहे तुमच्या?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी बाईंचा हात अजून धरलेला होता. तिनं नजर काढून घेतली आणि म्हणाली, "भाऊ आहे माझा. बाहेर गाडीपाशी बसलाय. त्याला बोलवा."

एवढंच. माझं नाव तिनं घेतलं नाही.

लिंडनरबाई म्हणाल्या, "अरे देवा, ह्याच त्या आजी ना? आपण थांबू या का?" मी म्हणाले, "त्यांची माणसं येताहेत. आपल्याला जेवायला उशीर होईल." आणि मी गटाला बसपर्यंत नेलं, हॉटेलात नेलं. अमोक केळीच्या पानात का शिजवतात ते त्यांना समजावून सांगितलं. हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता.

मामा बाहेरच्या बाकावर बसला होता.  तेवढ्यात तुझा फोन आला. माझ्याच फोनवर, आठवतं? गावातून कुणीतरी तुला कळवलं होतं. तू "काय झालं, कसं झालं, कोण होतं तिच्याबरोबर?" असं ओरडत होतास आणि मी फोन नुसता कानाला धरून होते. मामानं माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाला, "मी होतो रे वीरक. चूक माझीच. मी पाणी आणायला गेलो होतो." मग तू त्याला जे बोललास ते सगळं त्यानं ऐकून घेतलं, "हो" म्हणत, "खरं आहे" म्हणत. फोन ठेवून तो मला म्हणाला, "जा, आत जा. ती तुला विचारतेय."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आत आई मोडलेली पडली होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

आईनं मला एकदाच विचारलं, तेही चार दिवसांनी. "वर ती गोरी बाई का रडत होती गं?"

मी म्हणाले, "तिची आई वारली होती."

"अगंबाई," आई म्हणाली. "बिचारी! एवढ्या लांब येऊन आईसाठी उदबत्ती लावली. आणि मी बघ, कुणासाठी ते माहीत नसताना हात जोडले. चांगलंच झालं म्हणायचं." मग थोड्या वेळानं, "तू बोलत होतीस त्यातलं एक अक्षर कळलं नाही मला. पण सगळे कसे ऐकत होते!"

मागच्या वर्षीच्या प्चुम बेनला ती अंथरुणावरून उठू शकत नव्हती. पहाटे मी विहारात पितरांसाठी भाताचे गोळे टाकायला निघाले, तर तिनं हाक मारून एक जास्तीचा गोळा करायला लावला. "त्या बाईच्या आईच्या नावानं टाक. जर्मनीतून इथं कोण येणार टाकायला?" मी टाकला, दादा. हातातून सुटेपर्यंत मला माहीत होतं तो कुणासाठी आहे. तीन महिन्यांत आई गेली.

तिला कळलं होतं का? मला सांगता येत नाही. कधी वाटतं काहीच कळलं नव्हतं, कधी वाटतं त्या पायऱ्यांखाली माझ्याकडं बघितलं तेव्हाच सगळं कळलं. दोन्हींतलं कुठलं बरं, तेही मी ठरवू शकलेले नाही. गाइडचं काम मी अजून करते. बसमध्ये आता काही सांगत नाही. कुणी विचारलंच, आई आहे का, तर 'नाही' म्हणते. आता ते खरं आहे, तरी जीभ अडते.

आता गुरुवारचं.

मामाच्या घरी गेले तेव्हा तो नवा पांढरा सदरा घडी घालत होता, विहारात घालायला घेतलेला. तुझा निरोप मी सांगितला. त्यानं सदरा पिशवीत परत घातला. म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. मी इथल्याच विहारात करतो. पितर सात विहार फिरतात म्हणे. ताई एखाद्या वेळी इकडंही डोकावेल."

चुलीपाशी मामी मासे तळत होती. तिनं तिथूनच आवाज चढवला. "डोकावेल आणि विचारेल, पाणी आणलंस का? म्हातारी बहीण तासभर सांभाळता आली नाही! पाणी आणायला गेले होते म्हणे! देवळाला चारी बाजूंनी खंदक भरलेला, पाण्याला काय दुष्काळ पडला होता?"

मामा हसला. नेहमीचंच असल्यासारखा हसला. घरातल्या घरातही त्यानं बायकोला खरं सांगितलं नव्हतं. इतके दिवस तो हे जेवणाबरोबर ऐकत होता.

मी म्हणाले, "मामी, मामा पाणी आणायला गेला नव्हता. मी त्याला हाकललं होतं. आईला मीच तिथं बसवलं आणि मीच ओळख दिली नाही."

मामीचा झारा थांबला. मामा मात्र उठलाच. "गप! एक शब्द बोलू नकोस! कुणी विचारलं तुला?" त्याला एवढं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "वीरकला बाप नाही, आता आई नाही. तिकडं परक्या देशात एकटा राबतोय. त्याला एक बहीण आहे, तीही काढून घेऊ? मामाचं काय, नसला तरी माणसाचं चालतं." आणि पायात चपला न घालताच बाहेर गेला. टुकटुक सुरू झाल्याचा आवाज आला.

मासे करपायला लागले होते. मामीनं कढई उतरवली. झारा हातात घेऊनच माझ्यासमोर आली. वाटलं, मारते की काय. मारलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी तर नवऱ्याला रोज बोलते आणि रोज वाढते. ज्यानं मामाशी नातं तोडलंय त्याला सांग. आणि तुझा मामा नको म्हणाला म्हणून थांबलीस, तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

म्हणून हे लिहिलंय. मामाला माहीत नाही. कळेल तेव्हा तो माझ्याशीही बोलणं टाकेल, कदाचित. टाकू दे.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. आईनं केलं की नाही हे मला माहीत नाही, तर तुझ्याकडं कुठल्या तोंडानं मागू? तू आल्यावर मला विहारात उभी राहू नकोस म्हणालास, तर मी राहणार नाही. मडकं तूच स्तूपात ठेव. फक्त तेव्हा तुझ्या शेजारी आईचा भाऊ असू दे. तिला विचारलं, बरोबर कोण आहे, तेव्हा तिनं त्याचंच नाव सांगितलं होतं.

नारेथ पाच तारखेला पोचेल. सहाला शुक्रवार आहे, तुझी संध्याकाळची पाळी नसते. उत्तर मला लिहू नकोस. मामाला फोन कर. त्यानं नंबर बदललेला नाही. तू चिडून पुसून टाकला असशील म्हणून कागदाच्या पाठीमागं लिहून देते.

कुंथिया